गेमबॉय, ८०८५ आणि आपली पॉलिटेक्निके

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात अलीकडेच मिरजेतील एका पालकांचे पत्र प्रसिद्ध झाले. त्यांचा अकरावीतला मुलगा परदेशातील नातेवाइकांनी दिलेला जुना हँडहेल्ड गेम कन्सोल घेऊन बसतो, त्यावर खेळण्याऐवजी त्यात स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम चालवण्याची खटपट करतो आणि काय चालले आहे असे विचारले तर ‘हॅक करतोय’ असे उत्तर देतो, यामुळे ते धास्तावले आहेत. अशा मुलांना महाविद्यालयांनी वेळीच आवर घालावा आणि सायबर पोलिसांची व्याख्याने ठेवावीत, अशी त्यांची सूचना आहे. त्यांच्या काळजीची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपायी घरे कर्जबाजारी झाल्याच्या बातम्या आपण सारेच वाचत आलो, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्यांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला, आणि तेव्हापासून ‘गेम’ हा शब्द कानावर पडताच आईवडिलांच्या पोटात गोळा येत असेल तर त्यात नवल नाही. परंतु त्या पत्रात वर्णन केलेला उद्योग त्या जातीचा नाही. मी नोकरीची बहुतेक वर्षे पॉलिटेक्निकमध्ये मायक्रोप्रोसेसर हा विषय शिकवण्यात घालवली. तो मुलगा जे करतो आहे ते याच विषयाचे प्रात्यक्षिक आहे, आणि आमच्या प्रयोगशाळेत चालते त्यापेक्षा ते पुष्कळ बरे आहे, हे मला या पत्राद्वारे मांडायचे आहे.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या वाचकांना ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचे, म्हणजे संगणकाचा मेंदू म्हणून काम करणाऱ्या चिपचे, ट्रेनर किट आठवत असेल. लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत बसवलेला एक बोर्ड, त्यावर हेक्स, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा, आकड्यांचा कीपॅड आणि सहा अंकांचा सेव्हन सेगमेंट डिस्प्ले असे त्याचे स्वरूप असते. विद्यार्थ्याने वहीत लिहून आणलेले आकडे एकेक करून दाबायचे, प्रोग्रॅम चालवायचा आणि दोन संख्यांची बेरीज ठरलेल्या पत्त्यावर आली की नाही ते पाहायचे, असा प्रयोग असतो. बेरीज बरोबर येते, जर्नलवर सही होते आणि विद्यार्थी घरी जातो. किटमध्ये दोष नाही, उलट शिकवण्यासाठी ते उत्तम यंत्र आहे. अडचण एवढीच की त्यावर जे करायला सांगितले जाते त्यात विद्यार्थ्याला स्वतःहून काही हवे असण्याचे कारणच उरत नाही. पाच आणि तीन यांची बेरीज आठ होते हे त्याला आधीपासून ठाऊक असते. तोंडी परीक्षेला ‘स्टॅक पॉइंटर म्हणजे काय’ या प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर तो देतो, परंतु स्टॅक, म्हणजे परतीचे पत्ते तात्पुरते ठेवण्याची मेमरीतली जागा, बिघडला की प्रोग्रॅम कसा भलतीकडे भरकटतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले नसते.

आता १९८९ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेला गेमबॉय हा हातात धरून खेळायचा कन्सोल घ्या. निन्टेन्डो कंपनीतील गुनपेई योकोई यांच्या चमूने तो तयार केला, आणि त्या काळातही जुने वाटणारे, स्वस्त आणि भरवशाचे भाग त्यात जाणूनबुजून वापरले, कारण यंत्र चार पेन्सिल सेलवर बराच वेळ चालायला हवे होते आणि मुलांच्या हातून पडले तरी टिकायला हवे होते. त्याचा प्रोसेसर इंटेलच्या ८०८० आणि झायलॉगच्या झेड-८० यांच्या घराण्यातला आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमातला ८०८५ सुद्धा त्याच ८०८० चा वारस आहे. ही केवळ दूरची नातेसोयरीक नाही. ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतील हिशेबाच्या मुख्य कप्प्यात, एखादी संख्या भरण्यासाठी आपला विद्यार्थी किटवर ‘३ई’ दाबतो, तोच आकडा गेमबॉयमध्ये तेच काम करतो. सबरूटीनकडे, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या उपप्रोग्रॅमकडे, जाण्यासाठी ‘सीडी’, परत येण्यासाठी ‘सी९’, उडी मारण्यासाठी ‘सी३’, थांबण्यासाठी ‘७६’, बी या रजिस्टरमधली, म्हणजे प्रोसेसरच्या दुसऱ्या एका कप्प्यातली, संख्या ॲक्युम्युलेटरमधील संख्येत जमा करण्यासाठी ‘८०’ हे सारे आकडे जसेच्या तसे आहेत. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी प्रथम हे दाखवतो तेव्हा त्याचा विश्वास बसत नाही. ज्याला तो परीक्षेपुरते रटलेले आकडे समजत होता, त्या आकड्यांवर कोट्यवधी मुलांच्या हातातले एक यंत्र चालत होते, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेलीच नसते.

त्याहून उपयोगाचे आहे ते जिथे साम्य संपते तिथे. ८०८५ मध्ये ‘३ए’ म्हणजे दिलेल्या पत्त्यावरची संख्या ॲक्युम्युलेटरमध्ये आणणे. गेमबॉयमध्ये त्याच आकड्याचा अर्थ एच आणि एल या रजिस्टरांच्या जोडीत असलेल्या पत्त्यावरून संख्या आणणे आणि लगेच त्या जोडीतून एक वजा करणे असा केलेला आहे. ‘३२’ चेही तसेच. बाहेरच्या उपकरणांशी देवाणघेवाण करणाऱ्या ‘इन’ आणि ‘आउट’ या सूचना तर काढूनच टाकल्या आहेत. त्यांचे आकडे चुकून आले तर प्रोसेसर जागच्या जागी अडकून पडतो. मग बटणे वाचायची कशी? एफएफ०० हा मेमरीतलाच एक पत्ता बटणांसाठी राखून ठेवलेला आहे, आठ बटणे चार-चारच्या दोन गटांत त्याच चार तारांवर आणलेली आहेत, आणि बटण दाबले की संबंधित बिट एक होण्याऐवजी शून्य होतो. मेमरी मॅप्ड आयओ, म्हणजे उपकरणे मेमरीच्या पत्त्यांवरून हाताळणे, हा आमच्या पाठ्यपुस्तकात अर्ध्या पानाचा मजकूर आहे आणि बहुतेक विद्यार्थी तो ऐच्छिक समजून सोडतात. बाण दाबल्यावर पडद्यावरचा ठिपका उलट्या दिशेला पळू लागला की तेच विद्यार्थी तो मजकूर स्वतःहून शोधून वाचतात, हे मी पाहिलेले आहे.

या यंत्राचा मोठा गुण म्हणजे ते लहान आहे. कामाची मेमरी ८ केबी, चित्रांसाठीची मेमरी ८ केबी, पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आणि छटा चार. हिशेब केला तर पडद्यावर २३,०४० ठिपके होतात, परंतु यंत्र ते सुटे सुटे हाताळत नाही. आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करून त्यांची मांडणी करते. असा एक चौकोन १६ बाइटचा असतो, त्याला ‘टाइल’ म्हणतात, आणि पडद्यावर आडव्या २० व उभ्या १८ अशा ३६० टाइलची घरे दिसतात. पडदा रंगवला जात असताना, ओळींमधली अगदी लहान सवड सोडली तर, प्रोसेसरला चित्रांच्या मेमरीला हात लावता येत नाही. एक चित्र पुरे होऊन दुसरे सुरू होईपर्यंत जो अवधी मिळतो तो सुमारे १.१ मिलिसेकंदाचा, म्हणजे १,१४० मशीन सायकलचा (प्रोसेसरच्या कामाच्या तेवढ्या लहान टप्प्यांचा) असतो. एक घर बदलणारे साधे लूप, म्हणजे त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणारे आवर्तन, लिहिले तर दर घरामागे १० मशीन सायकल लागतात. ३६० घरांना ३,६०० लागणार आणि हातात आहेत १,१४०. हे गणित सातवीच्या मुलालाही समजेल. ते एकदा समजले की प्रोग्रॅम लिहिणारा आपोआप विचार करू लागतो की सगळी घरे बदलायची गरज आहे का, जी खरोखर बदलली तेवढीच बदलता येतील का, लूप उलगडून लिहिले तर किती सायकल वाचतील. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षालाही जो विचार शिकवणे कठीण जाते, तो येथे निकडीपोटी सुचतो.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण ते आपल्या लिपीशी संबंधित आहे. आमच्या एका विद्यार्थ्याला गेमबॉयच्या पडद्यावर ‘सांगली’ हे नाव देवनागरीत आणायचे होते. इंग्रजीची २६ अक्षरे आठ बाय आठच्या चौकोनात आरामात बसतात, म्हणून त्यालाही हे अर्ध्या तासाचे काम वाटले होते. पण देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर अनुस्वार, मात्रा आणि रफार, पायाशी उकार, बाजूला काना, आणि सर्वांना जोडणारी शिरोरेषा. व्यंजने ३६ धरली तर बाराखडीची ४३२ रूपे होतात, प्रत्येक रूपाला उंचीसाठी किमान दोन टाइल धरल्या तरी संख्या आठशेच्या पुढे जाते, आणि गेमबॉयच्या मेमरीत टाइल मावतात ३८४. त्यांतही पार्श्वभूमीला एका वेळी २५६ च दिसतात. जोडाक्षरांचा तर विचारच नको. मुलगा काही दिवस हिरमुसला होता. मग त्याला सुचले की शिरोरेषा वरच्या टाइलच्या अगदी शेवटच्या ओळीत काढायची. असे केले की वरच्या टाइलमध्ये फक्त मात्रा आणि रेषा उरते, खालच्या टाइलमध्ये फक्त अक्षराचा देह उरतो, आणि अनुस्वाराची एकच टाइल ‘सा’वरही चालते आणि ‘ग’वरही चालते. ज्या संख्यांचा गुणाकार होत होता त्यांची आता बेरीज होऊ लागली. उकारांसाठी त्याने स्प्राइट वापरले, म्हणजे पार्श्वभूमीवर मोकळेपणी ठेवता येणारी चित्रे. अशी चित्रे एकूण ४० आणि एका आडव्या रेषेवर जास्तीत जास्त १० दिसू शकतात, त्यामुळे एका ओळीत दहापेक्षा अधिक उकार आले तर उरलेले गुप्त होतात. ‘क’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही रुंद अक्षरे दोन घरे अडवतात ती अडवतातच. इतके करून २० घरांच्या नऊ ओळींत सुबक नसले तरी वाचता येण्याजोगे मराठी उमटले. संगणकावर मराठी कशी दिसते यामागे किती विचार असतो, हे त्या मुलाला आता कोणी वेगळे शिकवण्याची गरज नाही, आणि जिला डेटा स्ट्रक्चरच्या तासाला रूक्ष उदाहरणांनी शिकवतात ती गोष्ट, म्हणजे एकत्र रूपे साठवावीत की घटक साठवावेत, त्याने स्वतः सोडवली आहे.

‘हॅक’ या प्रकाराकडे वळतो, कारण मूळ पत्रातील भीती तिथे आहे. या यंत्रांना कुलुपे असतात आणि छंदिष्ट ती उघडतात, हे खरे आहे. गेमबॉयचे कुलूप तर आज गमतीदार वाटते. यंत्र सुरू होताच आत कोरलेला २५६ बाइटचा एक प्रोग्रॅम चालतो, तो कार्ट्रिजमधून, म्हणजे यंत्रात खोचायच्या खेळाच्या डबीतून, ४८ बाइट वाचतो आणि कंपनीचे बोधचिन्ह ठिपका न् ठिपका जुळते का ते पाहतो. न जुळल्यास यंत्र पुढे सरकत नाही. तुम्ही सुरू करता तेव्हा वरून खाली सरकत येते ते हेच चिन्ह. परवान्याशिवाय कार्ट्रिज करणाऱ्याला ते नक्कल करावेच लागेल आणि केले की व्यापारचिन्हाच्या कायद्यात पकडता येईल, असा तो डाव होता. सेगा कंपनीने दुसऱ्या एका यंत्रात याच धर्तीची योजना केली होती; अकोलेड या कंपनीविरुद्धच्या खटल्यात १९९२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने अशा योजनेला फारशी दाद दिली नाही आणि सुसंगत प्रोग्रॅम लिहिण्यासाठी दुसऱ्याचा प्रोग्रॅम उलगडून अभ्यासणे न्याय्य ठरवले. गेमबॉयमधला तो २५६ बाइटचा प्रोग्रॅम काम संपताच स्वतःला मेमरीतून लपवतो, त्यामुळे बरीच वर्षे तो कोणी वाचला नव्हता. २००३ मध्ये एका हौशी अभ्यासकाने चिपचे आवरण काढून, सूक्ष्मदर्शकाखाली तिची छायाचित्रे घेऊन, एकेक बिट डोळ्यांनी वाचून तो मिळवला. यात चोरी शोधायची म्हटली तरी मला सापडत नाही. मला चिकाटी दिसते.

सोनीच्या पीएसपी या हातात धरायच्या कन्सोलची हकिकत याहून बोधप्रद आहे, विशेषतः दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी. हे यंत्र २००४ च्या अखेरीस जपानमध्ये आले; सुरुवातीच्या फर्मवेअरवर, म्हणजे यंत्रातच साठवलेल्या मूळ प्रोग्रॅमवर, कोणाचाही प्रोग्रॅम सहज चालत असे, पुढे कंपनी प्रत्येक अपडेटने एक वाट बंद करी आणि छंदिष्ट दुसरी शोधत. या धामधुमीत अनेक यंत्रे कायमची बंद पडत, म्हणजे अपडेट अर्धवट झाले की दिवा लागे पण पडदा काळाच राही. कंपनीच्या सेवाकेंद्रात मात्र अशी यंत्रे जिवंत होत असत. ती कशी, याचा उलगडा २००७ मध्ये झाला. पीएसपीच्या बॅटरीत एक छोटी चिप असते आणि तिच्यात अनुक्रमांक असतो. तो अनुक्रमांक सगळा ‘एफ’ आकड्यांचा असेल तर यंत्र स्वतःला सेवाकेंद्राच्या टेबलावर समजते आणि आतली बिघडलेली मेमरी बाजूला ठेवून मेमरी स्टिक या काढता-घालता येणाऱ्या कार्डावरून सुरू होते. काही बॅटऱ्यांत त्या चिपची एक पिन तोडली तरी हेच घडे. छंदिष्टांनी या बॅटरीला ‘पँडोरा’ असे नाव दिले. पुढच्या मॉडेलांत ही वाट बंद झाली, पण तोवर कपाटात पडून राहिलेली असंख्य यंत्रे पुन्हा चालू झाली होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर हरभट रोड आणि मारुती रोडवर चिखलात भिजलेल्या यंत्रांचे ढीग लागले होते, ते ज्यांनी पाहिले त्यांना बंद पडलेले यंत्र टाकून न देता उघडून पाहणाऱ्या माणसाची किंमत वेगळी सांगायला नको. बोर्ड धुऊन वाळवणारे कारागीर आपल्याकडे आहेत. बोर्ड वाळल्यावर फर्मवेअर का उठत नाही हे सांगणारे फार थोडे आहेत.

बाकीच्या हकिकती थोडक्यात सांगतो. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या कन्सोलवर २०१४ मध्ये एका दुर्लक्षित खेळातील क्यूआर कोड वाचण्याच्या भागात दोष सापडला, त्या वाटेने स्वतःचे प्रोग्रॅम चालू लागले आणि त्या खेळाच्या जुन्या प्रतींचे भाव एकाएकी चढले. त्याच कंपनीच्या स्विच या यंत्राच्या चिपमध्ये २०१८ मध्ये जो दोष उघड झाला तो कारखान्यातच कोरल्या गेलेल्या प्रोग्रॅममध्ये होता, म्हणून विकली गेलेली यंत्रे कोणत्याही अपडेटने दुरुस्त करता आली नाहीत. बाहेरून आलेली माहिती किती लांबीची आहे हे न तपासता ती मेमरीत भरणे, हे या दोन्हींमागचे कारण. बँकांपासून वीज मंडळापर्यंत सर्वत्र ज्या प्रकारच्या दोषांची धास्ती असते तो हाच प्रकार आहे, आणि सायबर सुरक्षेचे महागडे वर्ग लावण्यापूर्वी मुलांनी तो स्वतःच्या खेळण्यात पाहिलेला असावा, असे मला वाटते.

कायद्याविषयी. मी वकील नाही, तरीही मूळ मजकूर वाचणे कोणालाही शक्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संगणक प्रोग्रॅमविषयी स्पष्ट सवलती आहेत. ज्याच्याकडे प्रोग्रॅम कायदेशीरपणे आहे त्याने त्याची राखीव प्रत करणे, तो कोणत्या तत्त्वावर चालतो हे जाणण्यासाठी त्याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करणे, आणि स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम त्याच्याशी जुळावा म्हणून अन्यत्र सहज न मिळणारी आवश्यक माहिती मिळवणे, हे उल्लंघन मानलेले नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ संरक्षक कुलूप तोडण्याबद्दल दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करते, पण ते हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तोडल्यास. कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या कारणासाठी केलेली कृती त्याच कलमाने वगळलेली आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३ आणि ६६ यांचा रोख मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्यावर आहे. स्वतःच्या कन्सोलचा मालक तो मुलगा किंवा त्याचे वडील आहेत. कंपनी वॉरंटी नाकारील, कदाचित आपल्या ऑनलाइन सेवेतून ते यंत्र बाद करील. तो व्यवहाराचा भाग झाला, फौजदारीचा नव्हे.

आता दुसरी बाजू. ‘हॅक’ केलेले कन्सोल विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्यात प्रोग्रॅम लिहायचा नसतो, फुकटचे खेळ हवे असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. हजारो खेळ आधीच भरलेली यंत्रे सर्रास विकली जातात. त्या खेळांचे कर्ते कोण आणि त्यांना काय मिळाले, हे घेणारा विचारत नाही आणि विकणारा सांगत नाही. मी त्या धंद्याची वकिली करीत नाही. स्विचची कुलुपे तोडण्याची साधने जगभर विकणाऱ्या टोळीतील एका इसमाला अमेरिकेच्या न्यायालयाने २०२२ मध्ये ४० महिन्यांच्या कैदेची शिक्षा दिली, ती मला अयोग्य वाटत नाही. मात्र मुलाच्या हातातील साधन दोन्हीकडे एकच असल्याने बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, आणि म्हणून पालकांना मी एक सोपी परीक्षा सुचवीन. त्याला विचारावे की यात तू स्वतः लिहिलेले काय आहे ते दाखव. ज्याने लिहिले आहे तो तासभर उठू देणार नाही.

काही सहकारी विचारतात की आता पायथॉन आहे, कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, मग पस्तीस वर्षांपूर्वीच्या खेळण्यात मुलांनी का डोके घालावे. पायथॉनला माझा विरोध नाही. आमच्या नातवंडांना मीच ते शिकवले. पण आजच्या संगणकात एक ओळ लिहिल्यावर पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत मध्ये इतके थर असतात की ते सगळे जाणणारा एक माणूस शोधून सापडणार नाही. गेमबॉयचे सगळे रजिस्टर, सगळे पत्ते, ध्वनीच्या चारही वाहिन्या यांचे वर्णन छंदिष्टांनी वर्षानुवर्षे पडताळून लिहून ठेवले आहे आणि एका सुटीत वाचून होईल एवढेच ते आहे. संपूर्ण यंत्र एका डोक्यात मावते, आणि हा अनुभव विद्यार्थ्याला एकदा तरी मिळायला हवा. शिवाय यंत्र हातात असलेच पाहिजे असेही नाही. आपल्याकडे गेमबॉय फारसे आलेच नाहीत. कोणाच्या मामाने आखातातून किंवा अमेरिकेतून आणला तर, नाहीतर जत्रेत मिळणाऱ्या ‘९९९९ इन १’ या ठोकळ्यांच्या खेळावर आपल्या मुलांनी समाधान मानले. पण एमजीबीए सारखे एम्युलेटर, म्हणजे संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम, प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिण्याच्या असेंब्ली भाषेसाठी आरजीबीडीएस, सी भाषेसाठी जीबीडीके ही सारी साधने मोफत आहेत आणि महाविद्यालयांत अडगळीत पडलेल्या संगणकांवरही चालतात. हाताने काही बनवायचे असेल तर २०२१ मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको हा काहीशे रुपयांचा बोर्ड आहे. त्यात २६४ केबी मेमरी आहे, लहान पडदा आणि चार-सहा बटणे जोडली की विद्यार्थ्याचा स्वतःचा कन्सोल होतो आणि त्याला कुलूपच नसते.

तेव्हा सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरातील पॉलिटेक्निके, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि सार्वजनिक वाचनालये यांना माझी विनंती आहे की त्यांनी या छंदाला एक टेबल द्यावे. नवी इमारत, नवा निधी किंवा उद्घाटनाला पाहुणे यांची गरज नाही. रविवारी सकाळी प्रयोगशाळेची एक खोली उघडी ठेवावी, दोन जुने संगणक, एक सोल्डरिंगचे टेबल आणि देखरेखीला एक जाणता माणूस असावा. फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, एवढी काळजी पुरेशी आहे. या टेबलावर फक्त स्वतः लिहिलेले किंवा कर्त्याने मोकळ्या परवान्याखाली दिलेले प्रोग्रॅम चालतील, असा नियम लेखी लावावा. कोणाच्या कन्सोलचे कुलूप तिथे उघडले जाणार असेल तर त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, इतर ओळख आणि कारण नोंदवहीत लिहावे. कलम ६५ अ मध्ये साहाय्य करणाऱ्याने अशी नोंद ठेवावी असे सांगितलेच आहे, आणि पालकांनाही ती वही केव्हाही पाहता येईल. सायबर पोलिसांना बोलवायचे असेल तर अवश्य बोलवावे. व्याख्यानाऐवजी त्यांनी तासभर या टेबलाशी बसावे, असे मी म्हणेन.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. अनेक ठिकाणी ८०८५ ची किट कालबाह्य म्हणून निर्लेखित करण्याच्या याद्या तयार होत आहेत. ती भंगारात देऊ नयेत. एका बाजूला किट आणि दुसऱ्या बाजूला एम्युलेटर ठेवून तेच ‘३ई ०५’ दोन्हीकडे चालवून दाखवणे, आणि नंतर ‘३ए’ दोन्हीकडे चालवून उत्तरे वेगळी का आली हे विद्यार्थ्यांना शोधायला लावणे, हा पहिला प्रयोग म्हणून मी शिक्षकांना सुचवतो. त्याची मराठीतील टिपणे आणि देवनागरी टाइलचा तक्ता माझ्याकडे तयार आहे. जी संस्था खोली उघडील तिला तो विनामूल्य देईन आणि सुरुवातीचे काही रविवार स्वतः येऊन बसेन. मूळ पत्रलेखक पालकांची हरकत नसेल तर त्यांच्या चिरंजीवांनाही पाठवावे. येताना त्याने यंत्रासोबत आपली प्रोग्रॅमची वही आणावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अधिव्याख्याता,
विश्रामबाग, सांगली